दारू सोडल्यानंतरचे चार दिवस

माणसानं मनावर घेतलं की दारू सुटते, आणि सुटली नाही तर त्यानं मनावर घेतलेलंच नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याविषयी कोणी वादही घालत नाही. बाटली फोडणं, माणसाला खोलीत कोंडणं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं हे सारं तिच्यातूनच येतं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले की ‘नाटकं करतोय’ असा शेरा मारला जातो, तोही तिच्यातूनच. ही समजूत उथळ आहे, आणि तिच्यापायी माणसं मरतात.

माझं म्हणणं असं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या आणि शरीरानं दारूवर अवलंबून झालेल्या माणसाची दारू एकदम बंद होणं ही वैद्यकीय आणीबाणी ठरू शकते. त्या दिवसांतला त्रास हा पापाची फेड किंवा इच्छाशक्तीची परीक्षा समजणं चूक आहे. तो मेंदूच्या कामातला बिघाड आहे, त्याचा क्रम ठाऊक आहे आणि त्यावर स्वस्त, सिद्ध झालेला उपचार पन्नासहून अधिक वर्षं उपलब्ध आहे. तो उपचार न देता माणसाकडे निर्धार मागणं हा अन्याय आहे. याला जोडूनच दुसरी गोष्ट सांगायला हवी: हा उपचार म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच आपण पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो आणि दुसरीच्या बाबतीत निराश होतो.

१. दारू थांबल्यावर मेंदूत काय होतं

मेंदूचं काम उत्तेजना आणि शमन यांच्या तोलावर चालतं. शमनाचं मुख्य रसायन गॅबा, उत्तेजनेचं मुख्य रसायन ग्लुटामेट. दारू गॅबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून प्यायल्यावर माणूस सैलावतो, जीभ जड होते, झोप येते. पण हा दाब रोजचा झाला की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो गॅबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वाढवतो. अशा मेंदूचा तोल दारूसकटच सांभाळला जातो. म्हणूनच मुरलेला पिणारा चार माणसं आडवी होतील एवढी पिऊनही सरळ चालतो आणि लोक त्याचं कौतुक करतात: ‘याला चढतच नाही.’ हे कौतुक ज्या गोष्टीचं होतं, ती खरं तर आजाराची खूण आहे.

मग एके दिवशी दारू थांबते. रस्सीखेचीत समोरच्या गटानं अचानक दोर सोडला तर जीव खाऊन ओढणारा गट मागच्या मागे कोसळतो, तसंच इथे घडतं. दाब नाहीसा होतो, पण त्या दाबाविरुद्ध मेंदूनं उभारलेला जोर तसाच राहतो आणि उत्तेजना मोकाट सुटते. नाडी धावते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो, हात कापतात, झोप उडते, आणि उत्तेजना फार वाढली तर फिट येते. यातली कुठलीही गोष्ट माणूस ठरवून करू शकत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. ज्यानं सोडण्याचा निर्धार मनापासून केला त्याचे हात, आणि ज्याला पैसे संपले म्हणून नाइलाजानं सोडावी लागली त्याचेही हात, सारखेच कापतात.

पहाटेच्या घोटाचा अर्थही इथेच कळतो. सकाळी उठून आधी बाटलीला हात घालणारा माणूस बहुतेक वेळा मजेसाठी पीत नसतो. रात्रभरात रक्तातली दारू उतरलेली असते आणि विथड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास, सुरू झालेलं असतं. त्या घोटानं कंप थांबतो. त्याला आपण लाज नसलेला म्हणतो. खरं तर त्याच्या हाती असलेलं एकमेव औषध तो घेत असतो, आणि तेच औषध त्याला खात असतं.

२. हे कळायला दीडशे वर्षं लागली

ब्रिटिश वैद्य थॉमस सटन यानं १८१३ साली या अवस्थेला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिलं. कंप आणि भ्रम ही त्या आजाराची जोडगोळी त्यानं मेंदूच्या इतर दाहांपासून वेगळी काढली. पण कारण कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. पुढे शंभरहून अधिक वर्षं वाद चालला. हे दारूचं विष आहे, की कुपोषणाचा परिणाम, की दारू बंद झाल्याचा? हा वाद पुस्तकी नव्हता. विष असेल तर दारू तोडणं हाच उपाय ठरतो. तोडण्यामुळेच होत असेल तर तोच उपाय घात करतो.

१९५३ साली बॉस्टनमध्ये मॉरिस व्हिक्टर आणि रेमंड ॲडम्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी इस्पितळात आलेल्या दारुड्यांच्या नोंदी बारकाईनं तपासल्या. फिट आणि भ्रम बहुतेक वेळा पिणं थांबल्यावर किंवा एकदम कमी झाल्यावर येतात, असं त्यांना दिसलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला हॅरिस इस्बेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून वाद मिटवला. पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेल्या दहा कैद्यांना त्यांनी काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत रोज दारू दिली, कोणाला तर सत्त्याऐंशी दिवस. या काळात त्यांचं खाणं आणि जीवनसत्त्वं नीट सांभाळली आणि मग दारू थांबवली. सर्वांत जास्त काळ प्यायलेल्यांमध्ये कोणाला फिट आली, कोणाला भ्रम झाला. पोटभर चांगलं खाऊनही हे घडलं, म्हणजे कुपोषणाचं कारण बाद झालं.

बंदिवान माणसांवर केलेला असा प्रयोग आज कुठलीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण ज्या ज्ञानासाठी त्या माणसांनी ही किंमत मोजली, ते सत्तर वर्षांनीही आपल्या घरांत आणि कितीतरी दवाखान्यांत पोचलेलं नाही, याचं मला दुःख होतं.

३. तासांचा क्रम

या आजाराला वेळापत्रक आहे, आणि ते घरच्या माणसांना ठाऊक असायला हवं. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत कंप, घाम, मळमळ, घालमेल, डोकेदुखी सुरू होते. साधारण दुसऱ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात: अंगावर मुंग्या चढतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी शिव्या देत असल्याचं ऐकू येतं. याच काळात, म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस तासांच्या आत, फिट येण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. त्यानंतर अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या टप्प्यात डेलिरियम ट्रेमेन्सची वेळ येते. माणसाला आपण कुठे आहोत, कोणती वेळ आहे, समोर कोण आहे याचं भान राहत नाही. ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब बेफाम होतात. हृदयाचे ठोके बिघडून, अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन, किंवा सोबतच्या न्यूमोनियासारख्या आजारानं तो दगावू शकतो. नीट उपचार नव्हते त्या काळातल्या काही नोंदींत या अवस्थेतल्या मृत्यूंचं प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आहे. आज वेळेवर उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली राहतं.

या क्रमातला फसवा भाग म्हणजे मधला अवकाश. पहिला दिवस बरा गेला की घरच्यांना हायसं वाटतं. तिसऱ्या रात्री माणूस उठून नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो, तेव्हा दारूचा विचारच मनात येत नाही, कारण ‘दारू तर तीन दिवसांपूर्वीच सोडलीय.’ मग बाहेरची बाधा ठरते, अंगारा लावला जातो, आणि जे तास डॉक्टरकडे जायला हवे होते ते मांत्रिकाकडे जातात.

इस्पितळातही हेच होतं. पाय मोडून दाखल झालेल्या माणसाचं ऑपरेशन नीट पार पडतं आणि दोन-तीन दिवसांनी तो सलाईन उपसून पळायला लागतो. त्याला खाटेला बांधलं जातं. दाखल करताना ‘रोज किती पिता, शेवटची कधी घेतली?’ हे कोणी विचारलेलं नसतं, किंवा अशा सुरात विचारलेलं असतं की त्यानं खोटं सांगावं.

४. ‘श्रावणात तर सोडतात, काही होत नाही’

हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो वाऱ्यावर सोडून चालणार नाही. आषाढ अमावास्येला शेवटची बैठक करून महिनाभर थेंबही न घेणारे पुरुष महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. तुळशीची माळ घालून एका दिवसात दारू कायमची सोडलेले वारकरीही आहेत. मग मेंदूची आणि औषधांची एवढी चर्चा कशासाठी?

यातले बहुतेक लोक शरीरानं अवलंबून नसतातच. शनिवार-रविवारी पिणारा श्रावण पाळतो तेव्हा त्याच्या मेंदूला काही उलटं फिरवायचं नसतं. त्याच्या उदाहरणावरून रोज सकाळपासून पिणाऱ्याला ताडणं म्हणजे दोन वेगळ्या शरीरांना एकच माप लावणं. दुसरं असं की अवलंबून असलेल्यांतही बहुतेकांचं विथड्रॉवल सौम्य असतं. उपचारासाठी आलेल्या शंभर जणांत साधारण तीन ते पाच जणांना डेलिरियम ट्रेमेन्स होतो. म्हणजे ‘आमच्या गावात कितीतरी जणांनी अशीच सोडली’ हे खरं असू शकतं. पण हे तीन-पाच कोण, याचा अंदाज आधी बांधता येतो, आणि इथेच वैद्यकाचं काम सुरू होतं. पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट किंवा भ्रम झालेला, वय वाढलेला, यकृत किंवा इतर अवयव आजारी असलेला, रक्तात दारू असतानाच थरथरायला लागणारा अशा माणसाला एकट्यानं सोडायला लावणं धोक्याचं आहे. माळेनं सुटलेल्यांच्या कथा आपण ऐकतो, कारण ते सांगायला उरले. जे उरले नाहीत त्यांच्या मृत्यूची नोंद हार्ट ॲटॅक, फिट किंवा ‘दारूनं मेला’ अशी होते. थांबलेल्या दारूनं मेला, असं कोणी लिहीत नाही.

श्रद्धेला माझा विरोध नाही. माळ घातलेल्या माणसाला दिंडीत जी सोबत मिळते, तिच्या बळावर तो पुढची कितीतरी वर्षं तगतो. पण पहिल्या चार दिवसांत माळेबरोबर डॉक्टरही हवा.

५. उपचार साधा आहे

बेन्झोडायझेपिन गटातली औषधं गॅबाच्याच ठिकाणी काम करतात. दारूनं सोडलेली जागा ती तात्पुरती भरतात आणि मग डोस काही दिवसांत टप्प्याटप्प्यानं उतरवत नेता येतो. १९६९ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांमध्ये ५३७ रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे. क्लोरडायझेपॉक्साइड, क्लोरप्रोमॅझिन, हायड्रॉक्सिझिन, थायमिन आणि नुसती बनावट गोळी यांची त्यात तुलना झाली. क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्यांमध्ये फिट आणि डेलिरियम सर्वांत कमी झाले. क्लोरप्रोमॅझिननं माणूस शांत दिसत होता, पण त्या गटात फिट बनावट गोळीच्या गटापेक्षाही जास्त आल्या. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटला नुसतं झोपवून टाकणं म्हणजे उपचार नव्हे, हे त्यातून कायमचं शिकायला हवं होतं.

पुढे औषध घड्याळ पाहून द्यायचं की लक्षणं पाहून, हा प्रश्न आला. त्यासाठी १९८९ साली दहा मुद्द्यांची एक मोजपट्टी सुधारून प्रसिद्ध झाली. कंप किती, घाम किती, भान कसं, भास होतात का, असं परिचारिका पाहते आणि गुण देते. १९९४ मधल्या एका अभ्यासात लक्षणं मोजून औषध दिलेल्या रुग्णांचा उपचार मध्यकाच्या हिशोबानं नऊ तासांत आटोपला, ठरावीक वेळापत्रकानं दिलेल्यांना अडुसष्ट तास लागले, आणि औषधही पहिल्या गटाला बरंच कमी लागलं. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, लक्ष देणारी शिकलेली परिचारिका लागते. सौम्य त्रास असलेल्या आणि घरी जबाबदार माणूस असलेल्या रुग्णाला रोजच्या तपासणीवर घरूनही सांभाळता येतं. फिटचा इतिहास असलेल्याला मात्र दाखलच करायला हवं. यकृत फार बिघडलेलं असेल तर लोरॅझेपामसारखं यकृतावर कमी विसंबणारं औषध निवडावं लागतं, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत.

यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक विसरला जाणारा भाग म्हणजे थायमिन, म्हणजेच बी-१ जीवनसत्त्व. रोज पिणाऱ्याचं जेवण सुटलेलं असतं आणि आतड्यातून शोषणही घटलेलं असतं. कार्ल वेर्निके यानं १८८१ साली डोळ्यांची हालचाल, चालण्याचा तोल आणि भान बिघडलेले तीन रुग्ण वर्णिले, त्यांतले दोन दारूचे होते. वेळेत थायमिन मिळालं तर हे उलटवता येतं. नाही मिळालं तर स्मृती कायमची जाऊ शकते: माणूस पाच मिनिटांपूर्वीचं विसरतो आणि मधल्या पोकळीत काल्पनिक हकिगती भरतो. डोळे, तोल आणि भान यांची ही तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, म्हणून वाट न पाहता थायमिन इंजेक्शनानं द्यायचं असतं. अशक्त पिणाऱ्याला ‘ताकद येईल’ म्हणून थायमिनशिवाय ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलेसुरले साठे खर्च होऊन याच आजाराला तोंड फुटू शकतं. असं सलाईन खेडोपाडी रोज लागतं.

६. आणखी तीन आक्षेप

*एक व्यसन जाऊन दुसरं लागेल.* ही भीती निराधार नाही, बेन्झोडायझेपिनची सवय लागते. म्हणूनच ती आठवडाभराच्या हिशोबानं, मोजून, उतरत्या डोसानं आणि शक्यतो रोजच्या रोज हाती देऊन वापरायची असतात. महिनोन्‌महिने तीच चिठ्ठी चालू ठेवणारा डॉक्टर चुकतो, आणि त्या चुकीला भिऊन पहिल्या चार दिवसांतही औषध नाकारणाराही चुकतो.

*थोडं भोगलं तर पुन्हा पिणार नाही.* हे वाक्य पुष्कळ चांगली माणसंही बोलतात. भोगानं शहाणपण येत असतं तर पहिल्याच थरथरत्या सकाळी सगळे सुटले असते. शिवाय शरीराचा हिशोब उलटा चालतो. १९७८ साली बॅलेंजर आणि पोस्ट यांनी मांडलेल्या आणि पुढच्या निरीक्षणांनी बळ दिलेल्या कल्पनेप्रमाणे, उपचाराविना गेलेलं प्रत्येक विथड्रॉवल मेंदूला पुढच्यासाठी जास्त पेटतं करून ठेवतं. पहिल्यांदा नुसता कंप, नंतर फिट, त्यानंतर डेलिरियम. ज्याला आपण धडा समजतो, तो पुढच्या वेळचा धोका वाढवतो. आणि त्या माणसाच्या आठवणीत उरतं ते एवढंच, की सोडायला गेलो तर मरण येतं.

*आजार म्हटलं की जबाबदारी संपते.* हा आक्षेप बहुधा बायकोकडून येतो आणि तिला तो घ्यायचा पूर्ण अधिकार आहे. तिनं मार खाल्लेला असतो, मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं, मुलांची फी बुडालेली असते. त्या चार दिवसांची शुश्रूषा तिच्याच गळ्यात टाकणं मला अमानुष वाटतं, आणि सरकारी इस्पितळात खाट हवी ती याचसाठीही. पण जबाबदारीची बोलणी ज्याच्याशी करायची तो शुद्धीवर हवा. भान गेलेल्या माणसाला कबुलीही देता येत नाही आणि माफीही मागता येत नाही. उपचारानं त्याचा दोष पुसला जात नाही, तो जाब द्यायच्या अवस्थेत येतो.

७. चहातून दिलेलं औषध

नवऱ्याच्या नकळत दारू सोडवणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती एसटीच्या स्टँडवर आणि भिंतींवर दिसतात. अशा पुडीत काय असतं ते घेणाऱ्याला कळत नाही. कधी डॉक्टरनं लिहिलेलं डायसल्फिरामही घरचे चोरून देतात. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये दारूविरुद्ध वापरात आलेलं हे औषध विथड्रॉवलवर काहीही करत नाही. ते अंगात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला ठाऊक असेल, त्याची संमती असेल आणि दारू पूर्ण उतरलेली असेल तेव्हाच त्याचा उपयोग. न सांगता दिलं तर तो विश्वासघात आहे आणि जिवाशी खेळही. जेरीस आलेल्या बायकोला मी दोष देत नाही. दोष तिला पुडीखेरीज काही न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

८. दुकान बंद होतं तेव्हा

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि देशभर दारू एका रात्रीत बंद झाली. केरळमधून आत्महत्यांच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला: विथड्रॉवलवर शास्त्रीय औषधं आहेत, दारूची चिठ्ठी आम्ही लिहिणार नाही. २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. डॉक्टर बरोबर होते, पण ती औषधं देणारी केंद्रं प्रत्येक तालुक्यात असती तर तसा आदेश काढायची वेळच आली नसती. वर्षभरानं यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसं मेली. आपण त्यांना मूर्ख म्हणून मोकळे झालो.

महाराष्ट्रात बायकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, मतं देऊन दुकानं बंद पाडली. त्या लढ्याबद्दल मला अपार आदर आहे. वर्धा, गडचिरोली, आणि २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर इथल्या दारूबंदीवर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक महसूल, अवैध विक्री आणि पोलिस यांवर बोलतात. ज्या सकाळी दुकान बंद होतं त्या सकाळी त्या गावातल्या अवलंबून असलेल्या माणसांचं काय होतं, हा प्रश्न वादात जवळजवळ येतच नाही. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियानानं गावातली शिबिरं आणि तालुक्यातली क्लिनिकं बंदीच्या सोबतीला उभी केली. दुकान बंद करण्याचा प्रत्येक ठराव त्या आठवड्याच्या औषधोपचाराच्या सोयीसकट व्हायला हवा, असा माझा आग्रह आहे.

९. पाचव्या दिवशी

चार-पाच दिवसांत अंग ताळ्यावर येतं, भूक लागते, माणूस आंघोळ करून हसतो. घरच्यांना वाटतं, सुटली. इथे दुसरी निराशा पेरली जाते. शरीरातली दारू उतरली आहे, ओढ तशीच आहे. झोप अजून महिनोन्‌महिने विस्कटलेली राहणार आहे, मित्र, रस्ता आणि संध्याकाळ तीच आहे. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं, समुपदेशन, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा, पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतला मुक्काम आणि तिथले पत्नींसाठीचे गट, हे खरं लांबचं काम आहे. विथड्रॉवलचा उपचार माणसाला त्या कामाच्या दारापर्यंत जिवंत आणि शुद्धीवर आणून सोडतो. त्यापलीकडचं श्रेय त्याला देऊ नये, आणि माणूस पुन्हा प्यायला म्हणून तो उपचार वाया गेला असंही म्हणू नये.

किती जणांना तो मिळतो? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं विमा द्यावा असंही तोच कायदा सांगतो. तरीही विमा नियामकानं २०१९ साली ठरवून दिलेल्या वर्जनांमध्ये, म्हणजे विमा लागू नसलेल्या बाबींमध्ये, मद्यासक्ती आणि तिचे परिणाम यांवरचा उपचार हे एक वर्जन आहे. म्हणजे फिट येऊन अतिदक्षता विभागात पोचलेल्या माणसाची बायको बिलाचा कागद घेऊन उभी राहते, तेव्हा ‘हे त्यानं स्वतःवर ओढवून घेतलं’ असं उत्तर पॉलिसीच्या कलमातूनच देता येतं. तंबाखूनं झालेल्या कर्करोगाला असं उत्तर सहसा मिळत नाही. निदान जीव वाचवणारे हे पहिले दिवस तरी त्या वर्जनातून वगळावेत, आणि सरकारी आरोग्य योजनांच्या उपचारांच्या यादीत त्यांचा उल्लेख नावानिशी असावा.